दुसऱ्या नंबरचा पुतळा

मागच्या वर्षी आमच्या कॉलेजची एकांकिका इंटरकॉलेज स्पर्धेत दुसरी आली. दोन महिने तालमी, रात्री उशिरापर्यंत सेटची ठोकाठोकी, लेक्चर बुडवल्याबद्दल घरी ऐकून घेतलेलं ते वेगळंच. निकाल लागला आणि परतीच्या टेम्पोत सेटच्या फळ्यांवर बसून आम्ही सगळे गप्प. दुसऱ्या नंबरची ट्रॉफी कुणाच्या हातात होती, हेही आता कुणाला आठवत नाही. पहिला नंबर आलेल्या कॉलेजचा मात्र कॅन्टीनपर्यंतचा जल्लोष अजून कानात आहे.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण म्हणजे एका पुतळ्याचा फोटो. लंडनमध्ये वॉटर्लू प्लेस नावाचा एक चौक आहे. सगळा चौक पुतळ्यांनी भरलेला. 1857च्या उठावात इंग्रजांच्या बाजूने असलेले आणि नंतर भारताचे व्हाइसरॉय झालेले लॉर्ड लॉरेन्स तिथे आहेत, फ्लॉरेन्स नाइटिंगेलही आहे. आणि त्यांच्यात एक माणूस उभा आहे जाडजूड बर्फातल्या कपड्यांत, हातात स्कीइंगची काठी घेऊन. ब्राँझचा पुतळा. खाली नाव आहे कॅप्टन रॉबर्ट फाल्कन स्कॉट. दक्षिण ध्रुवावर पोचलेला माणूस. पण दुसरा पोचलेला. पहिला पोचला नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन, स्कॉटच्या बरोबर 34 दिवस आधी.

आणि या पुतळ्याची खरी गोष्ट पुढेच आहे. तो घडवला कॅथलीन स्कॉटने. म्हणजे त्याच्या बायकोने.

बोटीच्या शर्यतीपासून

स्कॉटचा जन्म 6 जून 1868चा, इंग्लंडमधल्या प्लिमथजवळच्या डेव्हनपोर्टचा. बंदराचं गाव, आसपास सगळं नौदलाचं वातावरण. वडलांची दारू गाळण्याची छोटी भट्टी होती. पोरगा नौदलात जाणार हे घरच्यांनीच ठरवलेलं. 13व्या वर्षी तो नौदलाच्या शाळेत, म्हणजे 'ब्रिटानिया' या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाला. आपण ज्या वयात आठवीच्या सहामाहीचं टेन्शन घेतो, त्या वयात हा दोरखंड आणि नकाशे शिकत होता.

1887 साली वेस्ट इंडीजमधल्या सेंट किट्स बेटापाशी छोट्या बोटींची शर्यत झाली. 18 वर्षांच्या स्कॉटने ती जिंकली. बघणाऱ्यांमध्ये क्लेमेंट्स मार्कहम नावाचे एक गृहस्थ होते. ब्रिटनने अंटार्क्टिकावर मोहीम काढावी हा त्यांचा ध्यास, आणि अशा मोहिमेसाठी ते तरुण अधिकारी हेरून ठेवत. त्यांनी या मुलाचं नाव मनात नोंदवून ठेवलं. स्कॉटला याचा पत्ताही नव्हता.

पुढची दहाएक वर्षं साधी नोकरी. टॉर्पेडो विभागात काम. आणि मग घर कोसळलं. वडलांनी भट्टी विकून आलेला पैसा भलतीकडे गुंतवला आणि तो बुडाला. 1897मध्ये ते गेले. पाठोपाठ 1898मध्ये धाकटा भाऊ टायफॉइडने गेला. आता आई आणि बहिणींचा भार एकट्या स्कॉटच्या पगारावर. बहिणींनीही कामं धरली. चांगल्या घरच्या मुलींनी नोकरी करणं त्या काळात तिकडेही सहज नव्हतं. बढती मिळवणं ही आता स्कॉटसाठी हौस राहिली नव्हती, घर चालायचं तर ती हवीच होती.

जून 1899मध्ये लंडनच्या रस्त्यावर त्याची मार्कहमशी गाठ पडली. मार्कहम आता रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष होते आणि अंटार्क्टिक मोहीम खरोखरच निघणार होती. स्कॉटने अर्ज केला. बर्फाचा अनुभव शून्य. ध्रुवांबद्दल फारसं आकर्षणही नव्हतं. पण नौदलाच्या लांबलचक रांगेतून पुढे यायचं तर ही एक संधी दिसत होती. मला हे वाचून बरं वाटलं. प्रत्येक थोर माणसाला म्हणे लहानपणीच स्वप्न पडतं. याला नव्हतं पडलं. याला नोकरीत पुढे जायचं होतं.

पहिला धडा

'डिस्कव्हरी' हे जहाज 1901मध्ये निघालं. बहुतेकांना ना स्कीइंग येत होतं, ना कुत्र्यांच्या स्लेज हाकता येत होत्या. तिथे जाऊन शिकले, पडत-धडपडत. स्कॉट, डॉक्टर एडवर्ड विल्सन आणि अर्नेस्ट शॅकल्टन हे तिघे 30 डिसेंबर 1902ला 82 अंश 17 मिनिटं दक्षिण इथपर्यंत गेले. तोवर इतक्या दक्षिणेला कुणीच गेलं नव्हतं. परतीच्या वाटेवर एकेक करत सगळी कुत्री मेली. स्कर्व्हीने तिघांचे हाल झाले, शॅकल्टनला तर रक्ताचा खोकला लागला. कुत्र्यांच्या त्या हालांची स्कॉटच्या मनावर खोल जखम झाली असावी. पुढच्या मोहिमेत त्याने कुत्र्यांवर पुरता भरवसा टाकलाच नाही आणि ते त्याला महागात पडलं.

जहाज दोन वर्षं बर्फात अडकून पडलं होतं. 1904मध्ये ते परतलं तेव्हा स्कॉट देशाचा हीरो झाला होता. कॅप्टनपदही मिळालं. पार्ट्या, भाषणं, पुस्तक, सगळं सुरू झालं. अशाच एका जेवणाच्या पार्टीत 1907मध्ये त्याला कॅथलीन ब्रूस भेटली.

कॅथलीन

या बाईवर खरं तर वेगळं पान लिहायला हवं. जन्म 1878चा. अकरा भावंडांत सगळ्यात धाकटी. आई दोन वर्षांची असताना गेली, वडील आठव्या वर्षी. नातेवाइकांकडे आणि शाळांमध्ये वाढली. लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये कला शिकली आणि मग सरळ पॅरिस गाठलं. एकटी मुलगी पॅरिसला जाऊन शिल्पकला शिकते म्हणजे त्या काळात नातेवाइकांनी नाकं मुरडायचीच गोष्ट. तिथे थोर शिल्पकार रोदँशी ओळख झाली, नर्तकी इझाडोरा डंकनशी मैत्री झाली. मध्येच 1903मध्ये मॅसेडोनियातल्या युद्धग्रस्तांसाठी मदतकार्य करायला गेली. रात्री उघड्यावर झोपायला आवडणारी, बिनधास्त, स्वतःच्या कमाईवर जगणारी अशी ही मुलगी. गंमत म्हणजे बायकांना मताचा हक्क मिळावा या चळवळीच्या ती विरोधात होती. माणसं अशी सरळ रेषेत बसत नाहीत.

स्कॉट चाळिशीचा, शिस्तीतला, मनातून चटकन खचणारा, पैशाची सतत चिंता करणारा. कॅथलीन तिशीची, त्याच्या बरोबर उलट. 2 सप्टेंबर 1908ला लग्न झालं. वर्षभरात, 14 सप्टेंबर 1909ला मुलगा झाला, पीटर. आणि त्याच आठवड्यात स्कॉटने दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेची घोषणा केली. त्याच वर्षी जानेवारीत शॅकल्टन ध्रुवापासून अवघ्या 180 किलोमीटरवरून परत फिरला होता. आता नाही तर कधीच नाही, अशी वेळ आलेली.

शर्यत, जी आधी शर्यत नव्हती

पैसे उभे करणं हेच मोठं काम होतं. सरकारने 20,000 पौंड दिले, बाकीसाठी स्कॉट गावोगाव भाषणं देत फिरला. आपल्याकडे गॅदरिंगला स्पॉन्सर शोधताना जी दमछाक होते ती आठवा आणि तिला शंभराने गुणा. मोहिमेत जायला आठ हजारांवर अर्ज आले. लॉरेन्स ओट्स या घोडदळाच्या कॅप्टनने तर स्वतःच्या खिशातून 1,000 पौंड भरले आणि वर तट्टांची जबाबदारी घेतली. तो भारतातही नोकरी करून आला होता. दुसरा हेन्री बॉवर्स. बुटका, गरुडासारख्या नाकाचा, कामाला वाघ. तो रॉयल इंडियन मरीनचा, म्हणजे ज्या नौसेनेचं मुख्य ठाणं आपल्या मुंबईत होतं तिचा अधिकारी. बंगालचा उपसागर आणि इराणच्या आखाताच्या उकाड्यातून उठून थेट अंटार्क्टिका!

'टेरा नोव्हा' जहाज 15 जून 1910ला कार्डिफहून निघालं. स्कॉट आणि कॅथलीन मागाहून निघाले आणि वाटेत मेलबर्नला पोचले. तिथे स्कॉटच्या हातात एक तार पडली. अमुंडसेनची. आपणही अंटार्क्टिकाकडे निघालो आहोत एवढंच कळवणारी. जगाला वाटत होतं अमुंडसेन उत्तर ध्रुवाकडे चाललाय. पण उत्तर ध्रुव गाठल्याचा दावा 1909मध्ये दोन अमेरिकनांनी केला, आणि याने गुपचूप दिशा बदलली. स्कॉटचा प्लॅन विज्ञान आणि ध्रुव असा दोन्हींचा होता. भूगर्भशास्त्रज्ञ, हवामानतज्ज्ञ, जीवशास्त्रज्ञ असा मोठा फौजफाटा सोबत. आता अचानक ती शर्यत झाली होती.

29 नोव्हेंबर 1910ला न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्स बंदरातून जहाज सुटलं. कॅथलीन थोड्या अंतरापर्यंत सोबत होती, मग छोट्या बोटीत उतरून परतली. दोन वर्षांचा संसार. त्यानंतर तिने त्याला पाहिलं नाही.

कुठे कुठे चुकलं

हा भाग नीट वाचा, कारण इथे कुणी व्हिलन नाही. आहेत त्या एकामागून एक लागलेल्या गोष्टी.

स्कॉटने तीन मोटर स्लेज नेल्या होत्या. त्या काळचं अगदी लेटेस्ट तंत्रज्ञान. एक उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली, उरलेल्या दोन ध्रुवाच्या प्रवासात लवकरच बंद पडल्या. तट्टं होती, पण ती भुसभुशीत बर्फात पोटापर्यंत रुतत. घामाने अंग भिजून गारठत. कुत्री होती, पण शेवटपर्यंत न्यायची नाहीत असा निर्णय. म्हणजे शेवटचा बराच मोठा टप्पा माणसांनीच स्लेज ओढायची. अमुंडसेनकडे 52 कुत्री होती आणि लहानपणापासून स्कीइंग करत वाढलेली माणसं. त्याला फक्त ध्रुव गाठायचा होता.

निघण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात परतीच्या वाटेवर अन्न आणि रॉकेल पुरून ठेवायचं काम झालं. सगळ्यात मोठा साठा 80 अंशांवर ठेवायचा होता. तट्टं थकली. पुढे जाऊ, तट्टं मारावी लागली तरी चालतील, असा आग्रह ओट्सने धरला. स्कॉटला जनावरांचे हाल बघवेनात. त्याने सुमारे 55 किलोमीटर अलीकडेच, 79 अंश 29 मिनिटांवर, साठा पुरला. दयेपोटी घेतलेला हा निर्णय. तो लक्षात ठेवा.

1 नोव्हेंबर 1911ला तुकडी निघाली. बियर्डमोर ही प्रचंड हिमनदी चढून वर पठारावर आली. शेवटच्या टप्प्यासाठी चार जणांचा हिशेब होता. तंबू चार जणांचा, शिधा चार जणांचा बांधलेला. ऐन वेळी, 4 जानेवारी 1912ला, स्कॉटने पाच जण नेले. स्वतः स्कॉट, विल्सन, बॉवर्स, ओट्स आणि एडगर इव्हान्स. बॉवर्सच्या स्की मागेच ठेवलेल्या होत्या, त्यामुळे बाकीचे घसरत आणि तो बिचारा पायी. स्वयंपाकालाही रोज अर्धा तास जास्त आणि त्यासाठी रॉकेलही जास्त. पाचवा माणूस का घेतला, यावर शंभर वर्षं वाद चाललाय.

16 जानेवारीला बॉवर्सला दूर काहीतरी काळं दिसलं. जवळ गेले तर काळा झेंडा, आणि आसपास कुत्र्यांच्या पावलांचे ठसे. दुसऱ्या दिवशी, 17 जानेवारीला, ते ध्रुवावर पोचले. अमुंडसेन 14 डिसेंबरलाच येऊन गेला होता. त्याच्या तंबूत नॉर्वेच्या राजासाठी एक पत्र होतं आणि ते पोचवावं अशी स्कॉटला विनंती. परतताना आपलं काही बरंवाईट झालं तर पुरावा असावा म्हणून. म्हणजे हरलेल्या माणसाने जिंकलेल्याचा निरोप घेऊन जायचं. स्कॉटने ते पत्र घेतलं. त्याच्या सामानात ते शेवटपर्यंत होतं.

तिथे त्यांनी एक फोटो काढला. कॅमेऱ्याला दोरी बांधून बॉवर्सने ती ओढली, म्हणजे पाचही जण फ्रेममध्ये येतील. सेल्फीच म्हणा. एकाही चेहऱ्यावर हसू नाही. तो फोटो बघताना मला आमचा टेम्पो आठवला, आणि मग आपलीच लाज वाटली. त्यांना परतीचे अजून 1,400 किलोमीटर चालायचे होते.

परतीची वाट

एडगर इव्हान्स सगळ्यांत धिप्पाड. त्याचा हात कापला होता, जखम भरेना. नंतर तो पडला, डोक्याला मार लागला असावा. 17 फेब्रुवारीला बियर्डमोरच्या पायथ्याशी तो गेला. त्याआधी, सगळं अंग दुखत असताना, या लोकांनी हिमनदीच्या काठचे खडक गोळा करण्यात वेळ घालवला होता. 16 किलो दगड. ते त्यांनी शेवटपर्यंत ओढले.

आज आपल्याला वेडेपणा वाटेल. पण त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या लुप्त झाडाच्या पानांचे जीवाश्म निघाले. हेच जीवाश्म भारतातल्या कोळशाच्या थरांत मिळतात, आपल्या नागपूरजवळच्या कामठी भागातल्या खडकांतही. अंटार्क्टिका आणि भारत कधीकाळी एकाच महाखंडाचे भाग होते, या विचाराला त्या दगडांनी बळ दिलं. त्या महाखंडाचं नाव गोंडवाना. हे नाव आलं मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून, ज्यात आपला चंद्रपूर-गडचिरोलीचा पट्टाही येतो. मरायला टेकलेली माणसं जे ओझं टाकायला तयार नव्हती, त्यात आपल्या मातीचा जुना पत्ता होता.

मार्च उजाडला आणि थंडीने कहर केला. रात्री उणे 40च्या खाली. एवढ्या थंडीत बर्फ वाळूसारखा होतो, स्लेज घसरतच नाही. वाटेतल्या साठ्यांमधलं रॉकेल कमी भरलं. डब्यांच्या झाकणांतल्या चामड्याच्या चकत्या थंडीने आक्रसल्या होत्या आणि रॉकेल उडून गेलं होतं. रॉकेल नाही म्हणजे बर्फ वितळवता येत नाही, म्हणजे प्यायला पाणी नाही. चारी बाजूंना पाणीच पाणी, गोठलेलं.

ओट्सचे पाय हिमदंशाने सडले होते. आपल्यामुळे बाकीचे मागे पडताहेत हे त्याला कळत होतं. मार्चच्या मध्यावर, त्याच्या 32व्या वाढदिवसाच्या आसपास, एका सकाळी तो वादळात तंबूबाहेर निघून गेला. परत आला नाही. तो सापडलाही नाही.

उरले तिघं. 19 मार्चला त्यांनी शेवटचा तंबू ठोकला. मोठा साठा फक्त 20 किलोमीटरवर होता. बाहेर वादळ. आता तो आधीचा निर्णय आठवा. साठा ठरल्याप्रमाणे 80 अंशांवर असता, तर ते या तंबूच्या आधीच त्याच्याजवळून गेले असते.

स्कॉट शेवटपर्यंत लिहीत राहिला. सोबत्यांच्या घरच्यांना पत्रं, मोहिमेला मदत करणाऱ्यांना पत्रं, देशाला उद्देशून निवेदन. कॅथलीनला लिहिलेल्या पत्रात त्याने तिला स्वतःची विधवा म्हणूनच संबोधलं. तिने पुन्हा लग्न करावं असं सुचवलं. आणि पीटरला जमलं तर निसर्गाची, प्राण्यांची गोडी लाव, असं सांगितलं. डायरीतली शेवटची नोंद 29 मार्च 1912ची आहे. स्कॉट 43 वर्षांचा होता.

लाल खान, गुलाब, बेगम

इकडे किनाऱ्यावरच्या तळावर चार महिन्यांची काळोखी रात्र सुरू झाली होती. ती संपल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, शोधपथक निघालं. या पथकाबरोबर सात खेचरं होती, आणि ती होती भारतातली. सिमल्याकडे बर्फात काम करायला शिकवलेली, भारत सरकारने पाठवलेली. त्यांची नावं ऐका. लाल खान, खान साहिब, गुलाब, बेगम, राणी, प्यारी आणि अब्दुल्ला. पृथ्वीच्या त्या टोकाला, पांढऱ्या वाळवंटात, कुणीतरी इंग्रज खलाशी गुलाबला हाका मारत चाललाय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

12 नोव्हेंबर 1912ला तंबू सापडला. स्कॉट मध्ये, दोन बाजूंना विल्सन आणि बॉवर्स. पथकाने डायऱ्या, पत्रं, फोटो आणि दगड घेतले. तंबू त्यांच्यावरच उतरवला, वर बर्फाचा ढीग रचला आणि त्यावर स्कींचा क्रूस रोवला. ते आजही तिथेच आहेत, बर्फाच्या पोटात.

बातमी लंडनला फेब्रुवारी 1913मध्ये पोचली. 14 फेब्रुवारीला सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये शोकसभा झाली, राजा स्वतः हजर होता. सगळा देश रडत होता. एका माणसाला मात्र काहीच माहीत नव्हतं. कॅथलीनला. ती त्या वेळी प्रशांत महासागरात जहाजावर होती, नवऱ्याला भेटायला न्यूझीलंडकडे निघालेली. 19 फेब्रुवारीला जहाजाच्या बिनतारी यंत्रावर संदेश आला आणि कप्तानाने तिला बोलावून घेतलं. ती विधवा झाली त्याला तोवर जवळजवळ अकरा महिने होऊन गेले होते.

माती आणि धातू

पुतळा करायचा ठरला तो नौदलाच्या अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने. काम आलं कॅथलीनकडे. हे काम तिला सहानुभूती म्हणून मिळालं असं कुणी म्हणेल, पण ती आधीच नाव असलेली शिल्पकार होती. डोव्हरला चार्ल्स रोल्सचा पुतळा तिचा. टायटॅनिकच्या कप्तान स्मिथचा लिचफील्डमधला पुतळाही तिचाच. आणि 1914मध्ये चेल्टनमला बसवलेला विल्सनचा पुतळा, जो तिच्या नवऱ्याशेजारी त्या तंबूत होता, तोही तिनेच केला.

ब्राँझचा पुतळा कसा होतो? आधी मातीत घडवतात. गणपतीच्या कारखान्यात तुम्ही मूर्तिकाराला शाडूवर अंगठा फिरवताना पाहिलं असेल, तसंच. कपाळ, नाक, ओठ, सगळं बोटांनी. मग त्यावरून साचा, आणि साच्यात तांबं आणि कथिलाचा वितळलेला रस. धातूचं काम ओतशाळेतले कारागीर करतात. पण मातीचं काम शिल्पकाराचं. आता विचार करा. ज्याचं शरीर कधी परत येणार नाही, ज्याला अग्नी नाही, घराजवळ कबर नाही, त्याचा चेहरा तुम्ही बोटांनी पुन्हा करताय. कपड्यांच्या घड्या, काठीवरची मूठ, टोपीखालची नजर. आणि नंतर तो चेहरा चौकात उभा राहणार, येणारे-जाणारे बघणार.

5 नोव्हेंबर 1915ला आर्थर बाल्फोर यांच्या हस्ते पुतळ्याचं अनावरण झालं. पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं. तिथे जमलेल्या कित्येकांच्या घरी तोवर तार येऊन गेली असेल. त्यांना या हरलेल्या माणसात काय दिसलं असेल, हे कळायला फार डोकं चालवावं लागत नाही. चौकाच्या पलीकडच्या बाजूला जॉन फ्रँकलिनचा पुतळा आहे. तोही ध्रुवीय प्रवासी, तोही उत्तरेच्या बर्फात आपल्या सगळ्या माणसांसकट संपलेला. दोन न परतलेले दर्यावर्दी एकमेकांसमोर उभे आहेत.

न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चलाही तसाच पुतळा हवा होता. पण युद्धात ब्राँझ मिळेना, धातू तोफांकडे चाललेला. मग कॅथलीनने तो पांढऱ्या संगमरवरात कोरला. म्हणजे नवऱ्याला दुसऱ्यांदा घडवलं, या वेळी छिन्नीने. 1917मध्ये तो उभा राहिला. 22 फेब्रुवारी 2011च्या भूकंपात तो चौथऱ्यावरून कोसळला आणि घोट्यांपाशी तुटला. काही वर्षं तो संग्रहालयात आडवाच ठेवून दाखवत होते. मग दुरुस्त करून 2017मध्ये पुन्हा उभा केला.

मग तो हीरो होता की नव्हता?

अर्धं शतक त्याला देवासारखं पुजलं गेलं. मग 1979मध्ये रोलंड हंटफर्ड या लेखकाने पुस्तक लिहून स्कॉटला जवळजवळ नालायक ठरवलं. वाईट प्लॅनिंग, हट्टी, अमुंडसेनपुढे किरकोळ. 2001मध्ये सुझन सॉलोमन या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी हवामानाच्या नोंदी तपासून दाखवलं की त्या मार्चमधली थंडी खरोखरच नेहमीपेक्षा जास्त होती. म्हणजे आधी देव, मग मूर्ख, मग दुर्दैवी. सोशल मीडिया नव्हता तेव्हाही लोकांचं असंच चालायचं, फक्त वेग कमी होता.

मला विचाराल तर अमुंडसेन जास्त चांगला ध्रुवप्रवासी होता, यात वादच नाही. त्याने आपली सगळी माणसं जिवंत परत आणली आणि याहून मोठी गोष्ट नाही. स्कॉटने चुका केल्या आणि त्यांची किंमत चार घरांनी त्याच्यासोबत मोजली. एडगर इव्हान्सची बायको तीन मुलांसह मागे राहिली. तिला काही शिल्पं घडवता येत नव्हती. हे विसरून स्कॉटला नुसतं हार घालणं मला जमत नाही.

पण त्याने मागे ठेवलं तेही खरंच आहे. मोहिमेच्या वैज्ञानिक नोंदी अनेक खंडांत छापल्या गेल्या. लोकांनी जमवलेल्या स्मारक निधीतून केंब्रिजमध्ये 1920 साली स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूट उभी राहिली. आजही जगभरचे संशोधक तिथे जातात. आपल्याकडे गोव्याच्या वास्कोमध्ये अंटार्क्टिकाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तुमच्यातलं कुणी उद्या तिथे काम करेल, तेव्हा हे दगड आणि ही खेचरं आठवतील कदाचित.

कॅथलीनने 1922मध्ये पुन्हा लग्न केलं, नवऱ्याने सुचवलं होतं तसं. 1947मध्ये जाईपर्यंत ती शिल्पं करत राहिली. आणि पीटर? वडील गेले तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. त्याला ते आठवणं शक्यच नव्हतं. त्याने त्यांना पाहिलं ते फोटोंत आणि आईने घडवलेल्या धातूत. पण शेवटच्या पत्रातली ती एक सूचना आईने पाळली. पीटर पक्ष्यांचा अभ्यासक झाला, चित्रकार झाला. 1961मध्ये वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड स्थापन करणाऱ्यांमध्ये तो होता. पांडाचं ते काळं-पांढरं चिन्ह आहे ना, जे तुमच्या-माझ्या शाळेच्या वहीवर, टी-शर्टवर कुठे ना कुठे होतं? ते त्याने काढलं.

ध्रुवावर पहिलं कोण पोचलं हे क्विझमध्ये विचारतात. उत्तर अमुंडसेन, आणि ते बरोबरच आहे. पण त्या पांडामागे दक्षिणेच्या बर्फात पेन्सिलने लिहिलेलं एक पत्र आहे, हे क्विझमध्ये कुणी विचारत नाही.

या आठवड्यात मी कॉलेजच्या नाटकाच्या खोलीत गेले होते. आमची ती दुसऱ्या नंबरची ट्रॉफी सापडली. कपाटाच्या मागे, जुन्या विगच्या पिशवीखाली. पुसून खिडकीत ठेवली आहे.